न येणाऱ्याचा तुकडा

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला जानेवारी. घरी आता आम्ही तिघंच. तरी आईनं नाणं दडवलेला नववर्षाचा केक आणायला सांगितलं, म्हणून मी ग्रीसमधल्या आमच्या व्होलोस शहरातल्या बेकरीत रांगेत उभी होते. पुढे गणिताच्या दोन शिक्षिका होत्या, एक नवखी, एक निवृत्तीला टेकलेली.

“एवान्थियाबाई, उद्या माझा तास बघायला तपासनीस येणार. मला कायम करायचं की नाही, ते त्यावर ठरणार. संभाव्यता शिकवू कशी?”

“का गं? प्रशिक्षण झालं ना तुमचं? रंगीत प्रमाणपत्रसुद्धा मिळालं म्हणे.”

“प्रशिक्षणात सरांनी असाच केक कापला. वीस शिक्षक, एक नाणं, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता विसात एक, असं फळ्यावर लिहिलं.”

“आणि निघालं कुणाच्या तुकड्यात?”

“ख्रिस्ताच्या.”

“अरे वा! त्यानं नाव नोंदवलं होतं?”

“हसू नका हो. ख्रिस्ताचा, घराचा, गरिबाचा, तिन्ही तुकडे रिवाजाप्रमाणे आधी कापले. मोजले मात्र नाहीत. वर म्हणाले, प्रयोग फसला.”

“नाण्याचंच चुकलं. फळा वाचायला नको त्यानं?”

“पण उद्या मी काय करू?”

“हा केक वर्गात ने. आधी मुलांना सरांसारखं चुकू दे. मग विचार, जो खायला येणारच नाही, त्याचा तुकडा मोजायचा का?”

“मोजायचा?”

“कापतेस ना त्याच्यासाठी? मग मोजायचा.”

त्या केक घेऊन गेल्या. बेकरीवाल्यानं मला विचारलं, “घरी किती जण, ताई?”

“चार,” मी म्हणाले.