चौदावी बाई

नाव: प्रभावती भिवा मांडवकर. वय: ५३ वर्षे. धंदा: घरकाम, स्वतःच्याच घरी. शिक्षण: चौथी. राहणार: अल बर्शा, दुबई, मुलगा मिथुन याच्याकडे, त्याच्याच व्हिसावर. मूळ गाव तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. भाषा मराठी. हिंदी समजते, अरबी अजिबात नाही. सबब जबाब दुभाषी रामेश्वर यांनी आधी मराठीत उतरवून घेतला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

माझ्याविरुद्ध विनिता मॅडम यांनी तक्रार दिली आहे की मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आवाज पाठवून त्यांना शिवीगाळ केली आणि धमकी दिली. अशा तक्रारीत दंड होतो, आत टाकतात, परतही पाठवतात, हे मला समजावून सांगितलं. मुलगा मिथुन ठाण्याच्या दारापर्यंत आला होता. तो म्हणाला, "आई, सॉरी बोल आणि खलास कर. पुढच्या महिन्यात व्हिसाचं रिन्यूअल आहे." मी त्याला म्हटलं, आधी काय झालं ते सांगते, मग बघू.

आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. सहली विनिता मॅडम काढतात. मे महिन्यात आम्ही चौदा बायका हिमाचलमध्ये चंबा इथे गेलो. अमृतसरपर्यंत विमान आणि पुढे गाडी. चंबा हे डोंगराच्या कुशीत, रावी नदीच्या काठी, राजांच्या वेळचं जुनं गाव आहे, असं मॅडमनी गाडीत माईकवर वाचून दाखवलं. हजार वर्षांची दगडी देवळं आहेत. ती आम्ही अर्ध्या तासात उरकली. मी देवाला हात जोडते न जोडते तोच मागून "यल्ला लेडीज, यल्ला", म्हणजे चला चला, सुरू. म्युझियमच्या फाटकावर फोटो काढला. आत गेलो नाही. गावाच्या मधोमध चौगान म्हणून भलंमोठं हिरवं मैदान आहे. ते मी गाडीच्या काचेतून पाहिलं, तेही पुढच्या बाईच्या डोक्यावरून.

माझ्या खोलीत गिरिजाबाई होत्या. त्या आमच्या खालच्या मजल्यावर मुलाकडे, मुरलीधर यांच्याकडे राहतात. वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले. मुलाने निघताना एअरपोर्टवर सगळ्यांसमोर मला सांगितलं होतं, "प्रभाताई, आईला एक मिनिट एकटं सोडू नका." मी हो म्हटलं होतं. म्हणून ती माझी जबाबदारी होती. हे नीट लिहून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर गाडी खजियारला निघाली. ते वर डोंगरात आहे, तळं आणि कुरण. मला गाडी लागते म्हणून मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. गिरिजाबाई मागे आपल्या जागेवर आहेत असं धरून चालले. तिथे उतरून फोटो झाल्यावर बघते तर त्या नाहीत. मी मॅडमना म्हटलं, "गिरिजाबाई कुठायत?" त्या म्हणाल्या, "असतील इथेच, मी मोजल्यात ना, चौदा." मी म्हटलं, "कधी मोजल्यात?" त्यांनी मोबाईल पुढे केला. त्या माणसं फोटोत मोजतात. फोटोत चौदाच बायका होत्या, पण चौदावी सशावाली होती. तिथे गावातल्या बायका पर्यटकांच्या हातात पांढरा ससा देतात फोटोसाठी. त्यातली एक मधेच उभी होती, सशासकट. तोवर फोटो सगळ्यांच्या घरी पोचला होता. खाली "चौदा सख्या, एकच धमाल". मुरलीधर यांनी त्याला अंगठा दिला होता.

गाडी परत फिरवा म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "अहो, बाकीच्यांचा कार्यक्रम का खराब करायचा? त्या हॉटेलवर झोपल्या असतील." हॉटेलचा फोन कोणी उचलेना. गिरिजाबाईंचा फोन बंद. मी एका भाजीच्या पिकअपला हात केला आणि त्यातून खाली आले. रस्ता कसा होता ते विचारू नये.

गिरिजाबाई चौगानात सापडल्या. चपला काढून, पाय लांब करून गवतावर बसल्या होत्या. शेजारी गावातल्या दोन बायका होत्या, त्यांच्यातली एक रुमालावर भरतकाम करत होती. गिरिजाबाई भुट्टा खात होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू एवढ्यात कशी?" मी त्यांना काय बोलले ते या केसमध्ये गरजेचं नाही. त्या म्हणाल्या, बाथरूमला गेले तेवढ्यात गाडी सुटली. मुरलीला सांगू नकोस, पुन्हा कुठे पाठवायचा नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी सांगितलं नाही.

रात्री खोलीत त्या बोलत बसल्या. त्या गावात फार पूर्वी पाणी नव्हतं, मग पाणी यावं म्हणून एका राणीने स्वतःला जिवंत पुरून घेतलं, आणि बायका अजून तिची गाणी म्हणतात, ही गोष्ट त्यांना त्या भरतकामवालीने सांगितली. मी म्हटलं, पाण्यासाठी राणीच बरी सापडली, राजाला काय झालं होतं? त्या खूप हसल्या. मला हसू आलं नाही. मी उठून दाराची कडी पुन्हा तपासली.

दुबईत परत आल्यावर मॅडमनी ग्रुपवर तोच सशाचा फोटो परत टाकला. खाली लिहिलं होतं की चौदाही सख्यांना एक क्षणही एकटं वाटू दिलं नाही. सुनेने मला वाचून दाखवलं. हातातलं पीठ तसंच ठेवून मी बटण दाबलं आणि बोलले. आवाज माझाच आहे, नाकबूल करत नाही. बोलले ते असं: "खोटारडे, म्हातारीला परक्या गावात टाकून आलीस आणि फोटोत दात काढतेस? तुझ्या तोंडाला काळं फासलं पाहिजे." ग्रुपमध्ये घरच्यांसकट दीडशेच्या वर माणसं आहेत.

साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं की काळं म्हणजे कोणता पदार्थ आणि तो घरी आहे का. मी सांगितलं, घरी फक्त बुटाचं पॉलिश आहे, ते मिथुनचं आहे. ही आमच्याकडे बोलायची पद्धत आहे, खरं कोणी फासत नाही. दुभाषी म्हणाला, कधी कधी फासतात. त्याला मी गप्प बसायला सांगितलं.

त्या आवाजामुळे मुरलीधर यांना कळलं. तेव्हापासून गिरिजाबाई खालच्या बागेतही दिसल्या नाहीत. बेल वाजवली तर त्यांची सून म्हणते, झोपल्यात. हे माझ्यामुळे झालं हे मला कळतं. पण मला वाटलं होतं, निदान इथे त्या खरं सांगतील आणि माझी बाजू राहील.

आज त्यांना साक्षीला बोलावलं होतं. मुलगा सोबत होता. मी बाहेर बाकावर होते, विनिता मॅडम समोर. साहेबांनी गिरिजाबाईंना विचारलं, तुम्हाला कोणी सोडून गेलं का? दार उघडं होतं. त्या म्हणाल्या, "कोणी नाही टाकलं मला. मीच राहिले. गाडीत बसले आणि मागच्या दाराने उतरले. टपरीमागे उभी राहिले गाडी जाईपर्यंत."

मी उठून आत गेले. मला कोणीतरी अडवलं, पण मी गेले. मी म्हटलं, "गिरिजाबाई, शपथ घेऊन सांगा. कोणी शिकवलं का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "मला कोण शिकवणार? मला ससा नको होता आणि फोटो नको होता. मला एका जागी बसायचं होतं."

मुरलीधर म्हणाले, "आई, मग मला सांगायचं ना."

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास? 'एकटी?' असंच ना?"

ते बोलायच्या आत मी बोलले. मी म्हटलं, मग मला सांगायला काय धाड भरली होती? मी भाजीच्या गाडीत टोमॅटोवर बसून आले. वाटेत नदी दिसली की खाली बघत होते. त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तूही उतरली असतीस आणि घाई केली असतीस." हेही लिहून घ्यावं.

विनिता मॅडम म्हणतात, ग्रुपवर माफी मागितली तर त्या तक्रार मागे घेतील. माझं म्हणणं असं की, 'टाकून आलीस' हे मी मागे घेते, कारण गिरिजाबाईंना कोणी टाकलं नव्हतं. काळं फासायचंही मागे घेते, मिथुनच्या रिन्यूअलसाठी. तेवढी माफी आज संध्याकाळी आवाजात पाठवीन. 'खोटारडी' हे मागे घेणार नाही. गाडीत तेरा होत्या आणि मी विचारेपर्यंत त्यांना ते कळलं नव्हतं, तरी नंतर ग्रुपवर चौदा लिहिलं. पुरावा म्हणून फोटो आहे, ससाही दिसतो. मॅडमनी बाहेरून ऐकलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, तो फोटो मी काढून टाकते. म्हणजे काय ते साहेबांनी समजून घ्यावं.

जाताना गिरिजाबाई मुलाला म्हणाल्या, "मी इथे खाली, ठाण्याच्या बागेत बसते, तू गाडी काढून घरी जा." तो गेला नाही. पण लांब, दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मी ते खिडकीतून पाहिलं.

शेवटी साहेबांनी विचारलं की त्यांना उन्हाळ्यात कुटुंबाला डोंगरात न्यायचं आहे, तर चंबा गाव कसं आहे. मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही. गिरिजाबाईंना विचारावं, त्या खालीच आहेत.

इथपर्यंतचं सगळं दुभाष्याने मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. एके ठिकाणी त्याने 'मला राग आला होता' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. राग अजून आहे. बाकी मजकूर बरोबर, म्हणून खाली सही करते.

सही: प्रभावती भिवा मांडवकर
समक्ष: दुभाषी रामेश्वर