नणंदेला कळवले

नणंद? कोणती नणंद, मॅडम? प्रभाकरभाऊजीले बहीणच नाई — तिघं भाऊ ते, दोघं आर्वीकडं अन् हे इथं नालवाडीत. वीस वर्षं झाली भिंतीला भिंत लागून आहे आमची, त्यांच्याकडं कोण येते, कोण जाते ते मले नाई तर कोणाले ठाऊक राहीन? बसा ना नीट, पंख्याखाली. दवाखान्यानं काय, काहीही लिवलं असन त्या वहीत — ‘नणंदेला फोनवर कळवले’ — आपलं झाकून राह्यले ते, दुसरं काय. तुम्ही भाऊजींच्या वकील, तुम्हीच सांगा — सुमित्रावहिनीच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट खराब निघाला, अन् पाच महिने घरी कोणाले पत्ता नाई, बाई जिवानिशी गेली, तर दोष कोणाचा? त्याच्यासाठीच तर मी शपथपत्रावर सही करून राह्यली. त्यांच्या घरी फोन आला नाई. लिवा तसंच. चहा घ्या. लग्न झालं का तुमचं? नाई? बरं आहे, घाई नका करू.

नंबर? तो नंबर — हो, माह्याच मोबाईलचा आहे. त्यात काय, इथल्या अर्ध्या बाया शेजारणीचा नंबर देतात. भाऊजी दिवसभर देवळीच्या दुकानात मोटारपंप विकतात, अन् असल्या जागची गाठ — ते काय गिऱ्हाइकासमोर बोलाचं असते? वहिनीचा स्वतःचा फोन तर प्रेरणाच्या, म्हणजे तिच्या पोरीच्या हातात, होणाऱ्या नवऱ्यासंग बोलणंच सरत नव्हतं तिचं. मीच म्हटलं, माहा नंबर लिव वं. मीच घेऊन गेलती तिले. सुई टोचली तेव्हा माहाच हात धरला होता तिनं, इथं नखं रुतली होती. भाऊजीले सांगितलं, प्रेरणासाठी बांगड्या पाहाले जातो म्हणून. प्रेरणाचं साक्षगंध झालं होतं, लग्न महिन्याभरावर.

आला असन एखाद्या वेळी फोन. मी मिरच्यांचे देठ खुडून राह्यलती — लाल मिरच्या, अंगणात, हात जळजळत होते, म्हणून पदरानं उचलला. कोणी पोरगीच होती तिकडून. सुमित्राबाईंच्या कोण तुम्ही, म्हणे. आता शेजारीण म्हटलं असतं तर सांगितलं असतं का तिनं? म्हणून म्हटलं, घरचीच, नणंद आहे. इतकंच. काय निघालं ते ऐकाचं होतं मले, वाईट सवय आहे माही, साऱ्यांचं आधी मले कळलं पाहिजे. रिपोर्ट चांगला नाई, दोन दिवसांत घेऊन या, म्हणाली ती. मी हो म्हटलं.

काऊन नाई सांगितलं? मॅडम, तुम्हाले नाई कळाचं. आईले असं काही निघालं की सोयरे आधी पोरीकडं पाहतात — हिलेही होईन, म्हणतात. रोहणा गावातलं एक साक्षगंध याच पायी मोडलेलं मी डोळ्यानं पाहिलं. वाटलं, बावीस दिवसच तर आहेत, हळद लागू दे, पोरगी जाऊ दे, मग सांगतो. वहिनी रोज दुपारी कपडे वाळू घालताना भिंतीवरून विचारे, “फोन आला का वं?” मी म्हणे, “नाई आला, म्हणजे चांगलंच असन.” असा हलका होऊन जाय तिचा चेहरा. लग्नात नाचली ती, व्हिडिओ आहे — मी पाहत नाई तो.

अन् लग्न झाल्यावर? तेच तर. तेव्हा सांगितलं असतं तर ती पह्यले विचारती — कधी आला फोन? काय सांगती मी? आजच आला म्हणावं, तर दवाखान्यात तारीख निघन. मग पोळा झाला, दसरा झाला. सांगाले जावं तर कालच्यापेक्षा एक दिवस आणखी माह्या अंगावर. मग तिनं विचारणंच सोडलं. हात सुजला तिचा, नागपूरले नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले, इतका उशीर कोणी केला? मी तिथंच उभी होती, डबा घेऊन. भाऊजी म्हणाले, दवाखान्यानं कळवलंच नाई. मी मान हलवली.

आता कपडे समोरच्या अंगणात वाळवते मी. तरी भिंतीवरून ऐकू येते — फोन आला का वं. रागानं नाई विचारत ती — तसंच, हलक्यानं. फोन गव्हाच्या कोठीत ठेवते, तिथं वाजला तरी उचलत नाई मी.

पेन काऊन ठेवला तुम्ही? लिवा ना काहीतरी. सोमवारी ग्राहक आयोगात तो माणूस माह्या भरवशावर उभा राहीन — सरिताताई साक्षीले आहे, साऱ्या गल्लीत सांगतो तो. तुम्ही सांगान का त्याले? नाई. नका सांगू. माह्या तोंडून गेलं पाहिजे ते.

उठा आता. साडेपाचच्या बसनं उतरतात भाऊजी. वहिनी गेल्यापासून घरचं कुलूप काढाच्या आधी इथंच येतात, अर्धा कप चहा घेतात. तुम्ही समोर राह्यल्या तर मले जमणार नाई. जा, पोरी. फाटक नुसतं लोटून जाजो.