तिसऱ्या बेसला न लागलेला पाय

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय खुशालरावजी, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे रऊफ सर, सोबत बसलेल्या त्यांच्या पत्नी हलीमाबी, व्यासपीठावरील मान्यवर आणि अकोल्याच्या या उन्हात आवर्जून आलेल्या क्रीडाप्रेमी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी पौर्णिमा, हिवरखेडला खेळाची शिक्षिका. सरांच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एकाच सामन्याचं सांगणार आहे, कारण त्यातली चूक माझी होती.

चौदा वर्षांपूर्वी अमरावतीला मुलींच्या सॉफ्टबॉलचा विभागीय अंतिम सामना होता. समोर अकोल्याचा संघ. बरोबरी, शेवटची इनिंग, आमच्या दोघी बाद, मी दुसऱ्या बेसवर. चेंडू पार कोपऱ्यात गेला आणि मी जी सुटले ती थेट होम प्लेटवर! आम्ही जिंकलो. पण वाटेत तिसऱ्या बेसला माझा पाय लागलाच नव्हता. वीतभर अंतर राहिलं होतं.

आता नियम काय सांगतो? धावताना प्रत्येक बेसला पाय लागलाच पाहिजे; एखादा सुटला तर धावणारी बाद. पण समोरच्या संघानं मैदान सोडण्याआधी पंचाला विचारलं तरच. पंचानं आपणहून बोलायचं नाही. पंच होते रऊफ सर. कुणी विचारलं नाही. आणि मी? मी ट्रॉफी उचलली.

संध्याकाळी एसटी स्टँडवर सर दिसले. राहवलं नाही.

"सर, तुमी पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"त्याईनं विचारलं नाही, बेटा. नियम तसाच हाय."

बस्, एवढंच. रागावले असते तर मी मोकळी झाले असते.

चार दिवसांनी अकोल्याला, त्यांच्या संघातल्या जेबाच्या घरी गेले. त्या दिवशी तिसऱ्या बेसवर तीच उभी होती. दारातच सगळं सांगितलं.

"मले दिसलं होतं," ती म्हणाली. "पण सारेच गप. वाटलं, माह्यीच नजर चुकली. चार दिवसांपासून सोतालेच कोसून राहिली मी."

मी माफी मागितली.

"माफी राहू दे. माह्या टीमसमोर सांग."

सांगितलं. निकाल काही बदलला नाही. राज्य स्पर्धेला आम्हीच गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. जेबा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आज ती स्वतः पंच आहे, आणि ती बघा, पहिल्या रांगेत बसून हसते आहे.

गेल्या आठवड्यात या समारंभाचं आमंत्रण द्यायला सरांकडे गेले, तेव्हा विचारलंच, "सर, त्या दिवशी तुमाले काहीच नाही वाटलं?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अकोल्याची शेवटची पोरगी मैदानाभाईर जाईपर्यंत मी जागचा हाललो नाही. वाटे, एखादी तरी वळून विचारीन."

सर, आपले आभार. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.