खाटा किती, ते सांगा

नाही जी, आत नको, इथंच बसा ओट्यावर. सावली हाय, वारा हाय, अन् रस्त्यावरून जाणाऱ्याले दिसते का धुरपताच्या घरी कोण आलं अन् कवा गेलं. जय भीम, जय भीम, आयकलं मी पहिल्याच वेळी. पण जय भीम म्हटलं म्हणजे माणूस आपला झाला असं नसते न. मागच्या पंधरवड्यात एक आला होता, तोही असाच हात जोडून, अशीच काळी बॅग, असंच गळ्यात ओळखपत्र — तुमचं पाहू? — हं, फोटो तं तुमचाच हाय. फोटोचं काय, फोटो कोणीही चिकटवते. नाव काय म्हटलं? धम्मदीप. पवनीवरून आले, अभ्यासिकेतून. म्हणजे विहाराच्या वरच्या खोलीत पोरं पुस्तकं घेऊन बसतात, थेच न? तिथं तुमी पोरांचे फॉर्म भरून देता, फुकट. माही पोरगी हर्षा घरी आली का सर असे, सर तसे — पण सर दिसते कसा, थे मी कायले पाह्यलं? अन् फुकट काहून जी? चहाच्या टपरीवर कोणी पाणी फुकट देत नाही अड्याळात, अन् तुमी उन्हातान्हात गाडी घेऊन लोकांच्या पोरीसाठी हिंडून राहिले. मले अशा माणसाचं भेव वाटते. पैसे मागणारा परवडला, तो काय मागते थे तरी समजते.

फोन लागत नाही म्हणता? लागन कसा, मीच बंद करून ठेवला तुमचा नंबर. एकटा तुमचा नाही, सगळ्यांचे. फॉर्मवर नंबर माहा दिला — हर्षा म्हणे माहा देतो, मी म्हटलं नाही, माहाच राहू दे, पोरगी अठराची, गोड बोललं का भुलते. अन् फॉर्म भरला त्या दिवसापासून जे फोन सुरू झाले, बापा रे बापा. मॅडम, तुमच्या मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन पक्कं. मॅडम, हजेरी नाही लागत, परीक्षेपुरती या. मॅडम, जीएनएम करा, एएनएम करा, बीएससी करा, जे पायजे थे करा, निसते कागद पाठवा. काय, भाजी हाय काय? मले सगळं समजते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएससी चार, अन् बीएससीले बारावीत सायन्स लागते अन् सीईटी लागते — हर्षानं दिली, चांगले मार्क पडले. हे तुमाले माहीत असन, तुमीच भरलं न सगळं. तो काळ्या बॅगवाला आला, त्याले मी एकच विचारलं, कॉलेजले खाटा किती? तो म्हणते, ताई, होस्टेलात सगळ्याले स्वतंत्र खाट हाय. हासू का रडू. अरे बाबा, दवाखान्याच्या खाटा. ज्या नर्सिंग कॉलेजले आपला दवाखाना नाही, दवाखान्यात पेशंट नाही, तिथं पोरगी शिकन काय? तसाच धाडला वापस. तुमी सांगा आता. खाटा किती?

एवढ्या? — हो, सरकारी म्हटल्यावर असतील. नागपूरचं सरकारी. तिथं हर्षाचा नंबर लागला म्हणता. अन् उद्या पाच वाजेपर्यंत अस्सल कागद घेऊन हजर व्हायचं, नाही तं जागा दुसऱ्याची. पाहा, असंच सांगतात सगळे. आज, उद्या, शेवटची तारीख, घाई करा. घाई दिसली का मी दरवाजा लावून घेतो. मेसेज आला म्हणता? येतात लय मेसेज. इंग्रजीत येतात, मले वाचता येत नाही, मी खोडून टाकतो. टीव्हीवर सांगतात न, निळ्या अक्षराले बोट लावू नका. नाही लावत मी.

हर्षा घरी नाही. मोहाडीले गेली, डोमाकडे, माह्या भावाकडे. धानाचा रोवणा सुरू हाय, बाया मिळत नाही, म्हणून धाडली. शनिवारी. पहाटच्या गाडीनं. फोन नाही तिच्याजवळ, घरात एकच फोन हाय, हा.

भिंतीकडे काहून पाहून राहिले सारखे? दारातून थे फ्रेम दिसते, होय न? पाहा, पाहा, लपवाची गोष्ट नाही. माहाच हाय. धुरपता परसराम, नर्सिंग, एक वर्ष, प्रथम श्रेणी. शिक्का पाहा केवढा. बाबानं फ्रेम करून आणली होती भंडाऱ्यावरून, एस्टीत मांडीवर घेऊन बसला होता, कंडक्टरलेही दाखवली. कुठली संस्था म्हणून विचारता? आता नाही थे. कापडाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथले सर बी जय भीम म्हणत. आमी बावीस पोरी, सगळ्या खेड्यावरच्या. सुई टोचाले वांग्यावर शिकलो. हासू नका, खरंच वांगं — पहिलं हिरवं, मंग जांभळं, सर म्हणत माणसाचं कातडं जांभळ्यासारखंच असते. पट्टी बांधाले एकमेकीचे हात. वर्षभरात एक खाट नाही पाह्यली जी. एक पेशंट नाही. परीक्षेत सरनं फळ्यावर उत्तरं लिहिली, आमी उतरवली, बावीसच्या बावीस प्रथम श्रेणी. मले तवाच समजाले पायजे होतं. पण बाबा गावभर सांगे, माही पोरगी सिस्टर होऊन राहिली — त्याच्या तोंडाकडे पाहून मले काही विचारावंच वाटलं नाही.

काय म्हटलं? तुमची बहीण? असंच? कोणत्या साली? — म्हणजे माह्या नंतर. तवाही चालूच होतं मंग. अन् आता काय करते? — हं. म्हणून फुकट. हे पहिले सांगाचं न जी. पाणी घ्या.

तसं मी काम शिकलो थे दवाखान्यात. पवनीच्या डॉक्टरसाहेबाकडे, सव्वीस वर्षं. साहेबानं कागद पाह्यला अन् बाजूले ठेवला, म्हणे कागदाचं राहू दे, हात चालतात काय? चालले माहे हात. लेकराची शीर सापडत नसली का साहेब म्हणे, धुरपता सिस्टरले बोलवा. बाळंतिणी मले नावानं विचारत येत. अन् मंग दोन वर्षांपहिले तपासणीवाले आले. साहेब म्हणे, धुरपता, तू जरा मागं चादरींच्या खोलीत बस. बसलो. तीन तास बसलो, चादरी मोजत. दुसऱ्या दिवशी साहेबानं निळा ॲप्रन दिला, म्हणे आजपासून हा घालत जा, काम तेच हाय, पण सुई कामिनी सिस्टर देईल. कामिनी नवीन आली होती, जीएनएम, कौन्सिलच्या नोंदणीवाली. चोवीस वर्षांची. लोक तिले सिस्टर म्हणतात, मले मावशी. पोरगी वाईट नाही जी, कामिनी. शीर सापडली नाही का हळूच मलेच बोलावते अजून, पडदा ओढून घेते.

आता ती दुबईच्या लायसनची परीक्षा देऊन राहिली. हे एवढं जाडं पुस्तक, निसते प्रश्न, चार-चार उत्तरं. दुपारी ओपीडी संपली का पुस्तक घेऊन बसते. एक दिवस म्हणे, मावशी, मी प्रश्न वाचते, मराठीत सांगते, तुमी सांगा काय करसाल. ऑपरेशन झालेला पेशंट, चार घंट्यांत लघवी नाही, पोट फुगलं, बेचैन हाय, पहिले काय करसाल? मी म्हटलं, पहिले नळी पाहीन, कुठं मुडपली तं नाही. बरोबर. रक्त चढवून राहिले अन् पेशंटले थंडी वाजली? रक्त बंद. बरोबर. वीस विचारले, सतरा बरोबर. कामिनी म्हणे, मावशी, तुमी तं पास व्हाल, तुमची नोंदणी कुठली हाय? मी म्हटलं, जुनी हाय. ती म्हणे, जुन्याही टाकल्या आता ऑनलाइन, पाहू या न, नाव टाकलं का दिसते. मी नको म्हणेपर्यंत तिनं टाकलं. धुरपता परसराम. लग्नाचंही टाकलं. फिरलं, फिरलं, अन् काहीच नाही आलं. ती म्हणे, मावशी, स्पेलिंग चुकलं असन. चांगली पोरगी हाय. फोन उलटा ठेवला तिनं टेबलावर. मंग शुक्रवारी दुपारी मीच तिच्याजवळ गेलो, माहा फोन घेऊन, म्हटलं, हे वाच बरं काय हाय, खरं का लबाडी. तिनं दोनदा वाचलं अन् मले मिठीच मारली. म्हणे, मावशी, खरं हाय, सरकारी हाय, हर्षाचा नंबर लागला, आता पोरगी खरी —

काहून पाहून राहिले असे?

हो. म्हटलं मी, मेसेज मी खोडून टाकतो. हा नाही खोडला. हाय फोनमधी.

मोजू नका बोटावर, मीच सांगतो. शुक्रवारी दुपारी वाचला. शनिवारी पहाटच्या गाडीनं पोरीले मोहाडीले धाडलं. डोमाले बाया मिळत होत्या, दोन बाया कमी केल्या त्यानं हर्षा आली म्हणून. चार दिवस झाले, पोरगी धानाच्या बांधीत, चिखलात वाकून राहिली अन् तिले माहीत नाही. मी रोज म्हणतो, आज सांगीन. रोज एखादा फोन येते, मी मनाशी म्हणतो, पाहा, सगळे लबाडच हायेत, बरं झालं नाही सांगतलं. तुमचा नंबर चारदा आला. चारदा कापला, मंग नंबरच बंद केला.

तुमाले काय वाटते, मले तिचं वाईट करायचं होतं? बाहेरच्या खोट्या कॉलेजात मी तिले मरूनही नसतं धाडलं. त्या काळ्या बॅगवाल्यासारखे तीन आले, तिन्ही हाकलले. खोट्यापासून वाचवलं मी तिले. खऱ्याचं भेव वाटलं मले. चौथीत होती तवापासून सांगत आली, माही आई सिस्टर हाय. निबंधात लिहिलं. तुमच्या फॉर्मात बी आईच्या धंद्यात नर्स लिहिलं असन तिनं — लिहिलं न? — माहीत होतं मले. आता तिथं तिले पहिल्याच वर्षी शिकवतील का नोंदणी म्हणजे काय, नोंदणी नसताना सुई देणं म्हणजे काय. रातच्याले होस्टेलात बसून ती आईचं नाव टाकन. अभिमानानंच टाकन जी, मैत्रिणींले दाखवाले. अन् फिरन, फिरन, अन् काहीच नाही येणार. मंग ती घरी येईन अन् मले कोणत्या नावानं हाक मारन?

  तुमच्या बहिणीले लेकरं हायेत काय? त्यांले माहीत हाय? — हं. राहू द्या, नका सांगू.

बसा. हलू नका, आलो मी.

हे घ्या. सगळं अस्सल हाय. दहावी, बारावी, टीसी, जातीचं, व्हॅलिडिटी, डोमिसाइल. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स मीच काढून ठेवल्या, त्याच शुक्रवारी, दवाखान्यातून येता येता. पाहा, मलेच माहीत नाही मी काय करून राहिलो होतो. फोटोही हायेत पाकिटात. मोजून घ्या अन् मले कागदावर लिहून द्या का काय काय नेलं, सही करा, तारीख टाका. राग मानू नका, तुमचं नाव धम्मदीप असलं तरी कागद अस्सल हायेत. मोहाडीले जा थेट. डोमाचं घर तहसील ऑफिसच्या मागं, कोणालेही विचारा. आज रात्री तिले भंडाऱ्यापर्यंत आणा, मामाले संग घ्या, एकटीले तुमच्या गाडीवर नाही बसवणार मी, थे पहिलेच सांगतो. पहाटे नागपूर.

अन् तिले सांगसाल का मेसेज आजच — नाही. थांबा. तुमी काहीच नका सांगू. फोन लावतो मी.

हॅलो, डोमा? धुरपता बोलतो. हर्षा कुठं हाय? बांधीत? तं बांधीतून बोलाव. हात धुवाचं राहू दे, तसाच दे फोन. — हर्षा. आयक. रडत नाही मी, आयक तं खरं. नंबर लागला तुहा. नागपूरले. सरकारी. हो. हो, खरं हाय, सर बसले हायेत इथं ओट्यावर. उद्या पाचपर्यंत हजर व्हायचं हाय. कागद येऊन राहिले, तयार राय.

मेसेज आज नाही आला, बाई. शुक्रवारी आला.

शुक्रवारी. तू इथंच होती तवा.

हर्षा? हर्षा, आयकून राहिली न तू?