चौथा बाप्तिस्मा

हॅलो? …ताई, हळू बोल, इथे आवाज घुमतो. पोहण्याच्या तलावावर… कपडे बदलायच्या खोलीत.

पोहायला कुठलं येतंय मला! बाप्तिस्मा आहे.

हो. पुन्हा.

मोजू नकोस ना… बरं, चौथा. पण पहिला हे नव्या चर्चचे लोक धरत नाहीत. लहानपणी नुसतं पाणी शिंपडलं होतं म्हणे. दुसऱ्याचं पाणी वाहतं नव्हतं, असं तिसऱ्या चर्चवाले म्हणाले. आणि तिसऱ्या वेळी माझं कोपर पाण्याबाहेर राहिलं. कोपरापुरती मी अजून जुनीच आहे.

हसू नकोस! अगं, ऐक ना… परवा गाठ काढायचीय. डॉक्टर म्हणतात, उघडल्यावर कळेल. मी काय डबा आहे?

…हो, घाबरलेय. या झग्याची नाडीसुद्धा बांधता येईना.

इथेच का? कारण इथल्या चर्चचे पाळक म्हणाले, इथे माणूस बरा होतो. …हो, मागचेही तेच म्हणाले होते. त्याआधीचेही. माहितेय गं!

तुझं बरं आहे. तेच लहानपणचं चर्च, तीच मंडळी, तोच बाक, तेच रटाळ पाळक. देवाला तू लगेच सापडशील. मी आपली भाडेकरूसारखी फिरतेय. परवा त्या ऑपरेशनच्या टेबलावर… त्याला माझा पत्ताच लागला नाही तर?

रडत नाहीये. बोल.

काय? …दर रविवारी? माझं नाव घेऊन? अगं, मी ती मंडळी सोडली आणि पोरं मोठी झाली! कशासाठी घेतात?

…प्रवासाला गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत?

इतकी वर्षं? आणि कुणी म्हणालं नाही, ही बाई परत येणार नाही म्हणून?

…पाळक काय म्हणाले? …‘सामान इथेच आहे तिचं.’

थांब, मला… थांब जरा.

ताई, उद्या रविवारी तिथे आले तर मला प्रवासातून काढतील? …मग कुठे घालतील? आजाऱ्यांत. हं… चालेल.

दार वाजतंय. इथल्या काकू न्यायला आल्यात. तू फोन ठेवू नकोस हं, मी दार उघडेपर्यंत बोलत राहा. काहीही बोल… ताई? …हॅलो?

कट झाला फोन.

…नाही काकू. मी पाण्यात उतरत नाही. …हो, भीती वाटतेय. खूप. भीतीसकटच जाते… माझं सामान आहे तिथे.