होडी न्हाली

जन्म रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, आजोबांपासून आम्ही होड्या बांधणारे सुतार, त्यामुळे शिडाची होडी माझ्या हाताला ठाऊक, पण काय सांगू तुम्हाला, ती उलटली तर पुढे काय करते हे केस पांढरे झाले तरी मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात उलटली हा शब्दच काढायचा नाही. होडी न्हाली म्हणायचं, की ऐकणाऱ्यानं समजायचं. जिच्यापुढे नारळ फोडला ती आपल्या हातानं उलटी करणं म्हणजे पाप, मग बघणार कोण?

यंदा मुलीसाठी बांधली, वैशालीसाठी. तिला शिडाच्या होडीतून पावण्यांना खाडी फिरवायची आहे. शीड मोठं हवं म्हणाली, मोठं दिलं. पूजा झाली आणि ही म्हणते, आता हिला उलटवूया. तिची आई भडकली, गो, जीभ आवर म्हणाली. वैशाली माझ्याकडे वळली.

"बाबा, लोकांना बसवायच्या आधी मला बघू दे. त्यांची पोरं असतील हो होडीत."

मी इतक्यांना होड्या दिल्या, काय बघून दिल्या, असं मनात आलं आणि नाही म्हणवेना.

छातीभर पाण्यात नेली. धक्क्यावर शेजारचा दत्तू बसलेला, विचारतो, काय रे, होडी बांधलीस की घासायला काढलीस? आम्ही दोघं एका कडेला लोंबकळलो तर ती इतकी सहज आडवी झाली, की मला लाज वाटली. सरळ केली तरी काठोकाठ भरलेली, बादलीनं उपसावं तेवढं पाणी परत आत. हेच खाडीच्या मुखाशी झालं असतं तर? पण खरं सांगतो, भीती होतीच, तरी पाणी कुठून शिरतं ते मी वाकून वाकून बघत होतो, पोरासारखा.

मग शीड कापून लहान केलं, दोन्ही टोकांना आणि कडांना फळ्यांखाली रिकामे झाकणबंद कॅन आवळून बांधले. यावेळी उलटवायला आमचं वजन पुरेना, दत्तूलाच पाण्यात उतरवला. सरळ केल्यावर होडी वर राहिली, वैशाली आत चढली आणि उपसून मोकळी झाली.

ती आता वारा बघून पावण्यांना नेते. मी माझ्या हातच्या जुन्या होड्यांच्या मालकांकडे जातो, म्हणतो, एकदा उथळात उलटवून बघू. कोणी चहा देतं, कोणी हसतं. एकानं दारातूनच परत पाठवलं, अपशकुनी म्हणाला. म्हणू दे. देव त्याची होडी वर ठेवो, मी परत जाईन.