हाउस बिलावरचा शेरा

मी, श्रीमती तिनेके ब्राकमन, वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी (माल-पाठवणी कचेरीत कागदपत्रांचे काम), राहणार स्खीडाम. रॉटरडॅम बंदर पोलीस ठाण्यात स्वतःहून आले आहे आणि समक्ष सांगते की,

मी सिमोन क्राउवेल यांच्या कचेरीत एकोणीस वर्षे काम करते. आम्ही अनेक लहान ग्राहकांचा माल एकाच कंटेनरमध्ये आणतो. जहाज कंपनी पूर्ण कंटेनरसाठी एकच बिल देते. त्याला मास्टर बिल म्हणतात. त्यावर "मिश्र माल" एवढेच असते. आत ज्याचा ज्याचा माल आहे त्याच्या नावाने माल जिथून निघतो तिथली कचेरी वेगळे बिल काढते. ते हाउस बिल. कोणत्या पेटीत काय आहे हे फक्त हाउस बिलावर कळते.

कंटेनर वालहाफन येथील गोदामात उघडला जातो. ते गोदाम आमच्या प्रतिस्पर्ध्यांचेही काम करते. म्हणून हाउस बिले गोदामाला दाखवत नाहीत. दाखवली तर ग्राहकांची नावे फुटतात. मी गोदामासाठी वेगळी यादी करते. तीत क्रमांक, नग आणि वजन असते. पूर्वी शेऱ्याचा रकानाही असे. अकरा वर्षांपूर्वी एका शेऱ्यात ग्राहकाचे नाव राहिले आणि तो ग्राहक दुसरीकडे गेला. तेव्हापासून शेऱ्याचा रकाना काढून टाकला. ही सूचना माझी होती. श्री. क्राउवेल यांनी त्या शुक्रवारी माझ्यासाठी सफरचंदाचा केक आणला होता.

सुराबायाहून आलेल्या कंटेनरमध्ये आठ ग्राहकांचा माल होता. पाचव्या हाउस बिलावर वेताच्या टोपल्यांच्या बासष्ट पेट्या होत्या. शेरा असा होता: पेट्यांत कीटकनाशक गोळ्या ठेवल्या आहेत, विषारी वायू साचू शकतो, दार उघडण्यापूर्वी हवा तपासावी. शुक्रवार, ८ नोव्हेंबर रोजी मी तो वाचला. त्याच दुपारी यादी केली. नेहमीप्रमाणे आकडे उतरवले. यादी गोदामात पाठवली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर रोजी सकाळी ०८.१५ च्या सुमारास गोदामाचे मुकादम आरी फेरस्टेख, वय ५८, यांनी कंटेनर उघडला. दार ते स्वतः उघडत, इतरांना उघडू देत नसत. ते आत गेले आणि पडले. सोबतच्या कामगाराने त्यांना ओढून बाहेर काढले. ०९.४० वाजता रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. मला गोदामातून फोन आला तेव्हा १०.०५ झाले होते.

आरी फेरस्टेख यांच्याशी माझे रोज फोनवर बोलणे होई. प्रत्यक्ष भेट दोनदाच झाली.

सोमवार, १८ नोव्हेंबर रोजी मी अंत्यविधीला गेले. नंतर कॉफी होती. त्यांच्या पत्नी यानी फेरस्टेख यांनी गोदामाचे पत्र पर्समधून काढून शेजारणीला दाखवले. मी मागे उभी होते. पत्रात लिहिले होते की मयताने आत काय आहे याची चौकशी न करता दार उघडले, हा त्यांचा हलगर्जीपणा होय. यानी म्हणाल्या, "न विचारता? आमचा आरी? अहो, घरातलं कपाट उघडतानासुद्धा हा माणूस हाक मारायचा, यानी, उघडू का गं? आता पोरी विचारतात, बाबांनी असं कसं केलं? काय सांगू त्यांना?"

मी कप ठेवला आणि ट्रामच्या थांब्यावर गेले.

गुरुवारी श्री. क्राउवेल यांनी मला खोलीत बोलावून दार लावले. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्यासमोर दार लावलेले नव्हते. ते म्हणाले, "तिनेके, तो शेरा सुराबायाच्या लोकांनी नंतर घातला असेल. असं होतं ना कधीकधी?"

मी म्हणाले, "नाही साहेब. मी वाचला होता."

"वाचला होता, वाचला होता. अगं, खोटं बोल असं कुठे म्हणतोय मी? आठवत नाही म्हण. आपल्याकडे अकरा माणसं आहेत. आणि तो बिचारा काय परत येणार आहे का?"

मी म्हणाले, विचार करते. सदर हाउस बिलाची प्रत मी आज सोबत आणली असून ती हजर करीत आहे. त्यावर आमच्या कचेरीचा ८ नोव्हेंबरचा आवक शिक्का आहे.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की,

१२ नोव्हेंबर रोजी सकाळी ०७.५० वाजता आरी फेरस्टेख यांचा फोन आला होता. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

ते म्हणाले, "काय कागदांच्या महाराणी, कॉफी झाली का? तुमच्या यादीवर नुसते आकडे. आकडे काय चाटू? सुराबायाच्या डब्यात आहे तरी काय?"

मी म्हणाले, "खुर्च्या आणि टोपल्या."

"दार उघडल्यावर वाघबिघ नाही ना येणार अंगावर?"

"वाघ पुढच्या आठवड्यात आहे, आरी."

ते हसले. मग म्हणाले, "नक्की ना गं?"

मी म्हणाले, "नक्की."

आठही हाउस बिले माझ्या डाव्या हाताला ट्रेमध्ये होती. मी पाहिली नाहीत. फोन एक मिनिटही चालला नाही. नोंद माझ्या टेबलावरच्या फोनमध्ये आहे, ती तपासावी.

आरी फेरस्टेख यांनी चौकशी न करता दार उघडले हे खरे नाही. त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर मी दिले. हे त्यांच्या पत्नीला आणि मुलींना लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे.

लिहून घेतलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. फोनचा भाग मी पुन्हा एकदा वाचायला सांगितला. तो तसाच आहे. खाली सही करते.